अंधाऱ्या कमऱ्यातला आरसा

माझी भाची सोलापुरात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लग्नसराईत ती मेंदी काढायला जाते. चार वर्षे मेंदी काढून तिने ३५ हजार रुपये साठवले. ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बहिणीकडे गेलो होतो. शिरखुर्म्याची वाटी बाजूला सारून ती मला म्हणाली, ''मामू, मला डीएसएलआर कॅमेरा घ्यायचाय. पहिलाच आहे. कोणता घेऊ?''

मी कवी माणूस. ''मला त्यातलं काय कळतं, दुकानदाराला विचार'' असे म्हणून सुटता आले असते. पण आधी तिला विचारले, ''मोबाइल आहे ना हातात? कॅमेरा कशाला?'' तिने दिलेले उत्तर मी अजून विसरलेलो नाही. ती म्हणाली, ''मेंदी काढायला मी बायकांच्या बाजूला बसते. सगळ्या नटलेल्या असतात, हसत असतात. फोटोवाला पुरुष आत आला की अर्ध्या जणी पदर ओढतात, बाकीच्या उठून जातात. मग अल्बम बघा, पुरुषच पुरुष. नवरीच्या आईचा तर फोटोच नसतो, मामू.''

नवरीच्या आईचा फोटो नसतो, हे वाक्य मला लागले. का लागले ते पुढे सांगतो. तूर्त एवढेच की, त्या दिवसापासून मी कॅमेऱ्याचा इतिहास वाचू लागलो. कोणतेही यंत्र निवडायचे तर ते कोणत्या गरजेतून जन्मले ते कळावे लागते. पूर्वी मुलगी पसंत करायला जाणारी माणसेसुद्धा आधी घराणे विचारत. यंत्राचेही घराणे विचारावे.

या घराण्याचे आडनाव मोठे गमतीचे आहे. आमच्या घरच्या दखनी बोलीत खोलीला 'कमरा' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांच्या 'कामारा'वरून आपल्याकडे आला आणि तो मूळचा लॅटिन 'कॅमेरा'. म्हणजे कमरा आणि कॅमेरा ही सख्खी भावंडे. एक घरात राहिले, दुसरे गळ्यात अडकवले गेले. 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' म्हणजे अंधारी खोली. हे नाव १६०४ मध्ये केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने वापरले. मात्र अंधाऱ्या खोलीतला प्रकाश त्याच्या सहाशे वर्षे आधी एका अरबी विद्वानाने तपासला होता. त्याचे नाव इब्न अल-हैथम. ९६५ च्या सुमारास बसरा शहरात जन्मला आणि कैरोत राहून त्याने 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाशावरचा ग्रंथ लिहिला. त्याने एका छिद्रासमोर ओळीने दिवे ठेवले. आत अंधारात प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला की तेवढाच ठिपका नाहीसा होई. सगळे किरण एकाच अरुंद दारातून येतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत, हे त्याने दाखवले. लग्नघराच्या दारातून दोन्हीकडचे वऱ्हाडी एकदम आत शिरले तरी कोण कुणाकडचा हे शेवटी कळतेच, तसे हे आहे.

या खोलीत बाहेरचे दृश्य उमटे ते उलटे, पाय वर आणि डोके खाली. पुढे ही खोली लहान होत होत पेटी झाली आणि छिद्राच्या जागी भिंग आले. १६८५ मध्ये योहान झान नावाच्या जर्मन धर्मोपदेशकाने आपल्या ग्रंथात एका पेटीचे चित्र छापले. तिच्या पोटात ४५ अंशांत तिरपा आरसा होता. भिंगातून आलेला प्रकाश आरशावर आपटे आणि वरच्या काचेवर सरळ चित्र दिसे. डीएसएलआर या अक्षरांतला 'आर' म्हणजे रिफ्लेक्स, म्हणजेच हा आरसा. 'एसएल' म्हणजे एकच भिंग. ज्या भिंगातून चित्र उमटणार, त्याच भिंगातून आपण आधी पाहायचे. 'डी' म्हणजे डिजिटल, हे या घराण्यातले शेंडेफळ. झानच्या पेटीत चित्र दिसे, पण ते टिकत नसे. टिकवण्याची रसायने सापडायला आणखी दीडशे वर्षे लागली.

१८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरची रीत जगासाठी खुली झाली आणि लवकरच कॅमेरे कोलकात्याच्या बाजारात आले. आपली मुंबईही मागे नव्हती. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. देशातली ही पहिली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. म्हणजे मराठी माणसाच्या हातात कॅमेरा आला त्याला आता १७० वर्षे झाली. त्या वेळचा छंद मात्र आजच्यासारखा हलका नव्हता. काचेवर ओले रसायन लावायचे, ते वाळायच्या आत फोटो काढायचा आणि लगेच धुवायचा. त्यामुळे फोटोग्राफरबरोबर तंबू, बाटल्या, काचा आणि हमाल असा लवाजमा असे.

याच काळातला एक मोठा माणूस म्हणजे राजा दीनदयाळ. रुडकीला अभियांत्रिकी शिकलेले, इंदूरला नोकरी केलेले, पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झालेले. निजामांनी त्यांना 'मुसव्विर जंग' असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र घडवणारा. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला. पण भाचीला मी सांगितली ती त्याच्या चार वर्षे आधीची गोष्ट. १८९२ मध्ये दीनदयाळांनी निजामाच्या मुलखात खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. पडद्यातल्या स्त्रियांनी निर्धास्त यावे म्हणून तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला होता. भाची डोळे मोठे करून ऐकत राहिली. तिला वाटत होते, आपली कल्पना अगदी नवी आहे. मी म्हटले, ''बेटा, तुझ्या धंद्याला सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. मध्यंतरी दुकान बंद होतं एवढंच.''

आता आरशाकडे परत येऊ. त्या काळच्या फोटोग्राफरची एक अडचण होती. काळ्या कापडाखाली डोके घालून मागच्या दुधी काचेवर तो चित्र पाही. नेम साधला की त्या काचेच्या जागी रसायनाची काच बसवायची. ती बसली की आंधळा कारभार. समोरचा माणूस हलला, मूल रडले तरी चौकटीत काय आहे ते दिसायची सोय नाही. यावर थॉमस सटन या इंग्रजाने १८६१ मध्ये तोडगा सुचवून त्याचे पेटंट घेतले. आत आरसा ठेवायचा आणि फोटो काढायच्या क्षणी तो वर उचलायचा. आरसा खाली तेव्हा प्रकाश डोळ्याकडे, आरसा वर तेव्हा प्रकाश काचेकडे. आजही डीएसएलआरचे बटण दाबले की 'खटक्' असा जो आवाज येतो, त्यात या उचललेल्या आरशाचा मोठा वाटा आहे.

कल्पना चांगली, पण पेट्या अजून अवजड होत्या. १९२५ मध्ये जर्मनीत लायका कॅमेरा बाजारात आला. सिनेमाच्या ३५ मिलिमीटरच्या फितीवर २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट घेणारा, खिशात मावणारा. आज दुकानदार ज्याला 'फुल फ्रेम' म्हणतो ती हीच चौकट. शंभर वर्षांपूर्वीच्या सिनेमाच्या फितीने आजच्या महागड्या सेन्सरचे माप ठरवले आहे. पण लायकात आरसा नव्हता. तो या छोट्या फितीच्या कॅमेऱ्यात बसवण्याचे काम मुख्यत्वे ड्रेस्डेन शहरात झाले. तिथे १९३६ मध्ये किने एक्झाक्टा तयार झाला. त्यात वरून, पोटाशी धरून पाहावे लागे आणि डावे-उजवे उलटे दिसे. माणूस डावीकडे पळाला की चित्रात तो उजवीकडे पळायचा.

फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावात ड्रेस्डेन जळून गेले. त्याच शहरातून, राखेतून उठून, १९४९ मध्ये काँटॅक्स एस हा कॅमेरा आला. त्याच्या डोक्यावर पाच बाजूंचा काचेचा लोलक होता. या पेंटाप्रिझममुळे चित्र सरळ दिसू लागले आणि कॅमेरा डोळ्याला लावता येऊ लागला. डीएसएलआरच्या डोक्यावर जो उंचवटा दिसतो, तो या लोलकाचा किंवा त्याच्या जागी स्वस्त कॅमेऱ्यांत बसवलेल्या आरशांचा.

एक दुखणे उरले होते. बटण दाबले की आरसा वर जाई तो वरच राही. पुढच्या फोटोसाठी फीत ओढेपर्यंत डोळ्यापुढे अंधार. जपानच्या असाही कंपनीने १९५४ मध्ये लगेच खाली येणारा आरसा आपल्या कॅमेऱ्यात दिला. १९५९ मध्ये निकॉन एफ आला आणि जगभरच्या वार्ताहरांच्या गळ्यात एसएलआर दिसू लागला. अंधार आता पापणी लवण्याएवढा झाला. पण तो संपला नाही. या कॅमेऱ्याचा हा स्वभावच आहे. आपण ज्या क्षणाचा फोटो काढतो, नेमका तोच क्षण आपल्याला दिसत नाही. त्याच्या आधीचा दिसतो आणि नंतरचा दिसतो. कवितेचेही काहीसे असेच असते.

आपल्याकडे त्या काळात कॅमेरा ही चैनीची वस्तू होती. तरीही होमाई व्यारावाला नावाची एक पारशी बाई साडी नेसून, अवजड कॅमेरा खांद्याला लावून दिल्लीत फिरत होती. १९१३ मध्ये नवसारीला जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या बाईंची सुरुवातीची छायाचित्रे त्यांच्या नवऱ्याच्या नावाने छापली गेली. बाईने काढलेला फोटो म्हटल्यावर कुणाचा विश्वास बसला नसता. पुढे स्वातंत्र्याचा सोहळा, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरू, सगळे त्यांनी टिपले. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि जानेवारी २०१२ मध्ये त्या गेल्या. भाचीला मी त्यांचे नाव वहीत लिहून ठेवायला सांगितले.

तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरात पुढे अगफा क्लिक थ्री आला. बडोद्यात बनणारा, बारा फोटोंचा. त्यात उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल घालायचा. ऐंशीच्या दशकात कुणाकुणाकडे रशियन झेनिट दिसू लागला. दणकट, वजनदार आणि एसएलआर. आमच्या एका मित्राकडे तो होता, आणि माझी गोष्ट त्या झेनिटची आहे.

१९९१ साल. माझ्या धाकट्या बहिणीचे, म्हणजे या भाचीच्या आईचे लग्न. मी नुकताच बी.ए. झालो होतो. मित्राचा झेनिट दोन दिवसांसाठी मागून आणला आणि त्यात ३६ फोटोंचा रोल भरला. स्टुडिओवाला पुरुषांच्या बाजूला होता. बायकांच्या बाजूला तो येणार नव्हता आणि आमच्या अम्मीने आयुष्यात कधी परक्या माणसासमोर फोटो काढून घेतला नव्हता. मी आत गेलो. अम्मी म्हणाली, ''तू काढणार असशील तर काढ.'' हिरवी इरकल नेसली होती. डोक्यावरचा पदर नीट केला, बहिणीला जवळ ओढले आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहिले. मी भिंग फिरवून तिचा चेहरा स्पष्ट केला. आरसा उचलला गेला, अंधार झाला, आरसा खाली आला. अम्मी अजून तशीच बघत होती. ''झाला?'' तिने विचारले. मी म्हटले, ''झाला.''

असे ३६ फोटो काढले. खरे तर आकडा छत्तिसाच्या पुढे गेला तेव्हाच शंका यायला हवी होती. रोल धुवायला दिला. दोन दिवसांनी दुकानदाराने फीत हातात ठेवली. ती सगळी कोरी होती. रोल भरताना फितीचे टोक रिळाच्या खाचेत नीट अडकलेच नव्हते. मी खटका ओढत होतो, आकडा पुढे जात होता, आवाज होत होता, आणि आत फीत जागची हललीच नव्हती. जाणकार माणूस रोल भरल्यावर डावीकडची मूठ फिरते की नाही ते पाहतो. ती फिरत नसेल तर फीत चालत नाही. ही एवढीशी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती. चूक माझी होती.

अम्मीला मी सांगितले की, रोल खराब निघाला. ती म्हणाली, ''जाऊ दे, पुढच्या लग्नात काढ.'' पुढचे लग्न माझे होते आणि त्यात मी नवरा होतो. फोटो कोण काढणार? २००२ मध्ये अम्मी गेली. आज आमच्या घरात तिचा एकच फोटो आहे, ओळखपत्रावरचा, बोटाच्या पेराएवढा. तो मोठा करून घेतला तर चेहऱ्याऐवजी ठिपके दिसतात.

या गोष्टीत एक योगायोग आहे आणि तो मला आत्ता, हे सगळे वाचताना कळला. ज्या १९९१ साली मी तो कोरा रोल काढत होतो, त्याच वर्षी अमेरिकेत कोडॅकने पहिला विक्रीचा डीएसएलआर बाजारात आणला. निकॉनच्या एफ थ्री कॅमेऱ्याच्या पाठीला सेन्सर जोडलेला होता. शक्ती १.३ मेगापिक्सेल, फोटो साठवायची पेटी वेगळी खांद्याला लटकवायची आणि किंमत सुमारे वीस हजार डॉलर. त्या पेटीला एक छोटा पडदा होता आणि त्यावर काढलेला फोटो लगेच पाहता येत असे. माझ्या झेनिटला तो पडदा असता तर पहिल्याच फोटोला मला कळले असते की, आत काही उमटत नाही.

या डिजिटलचे बीज त्याआधीच पडले होते. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी ही प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी चकती सुचवली. त्यासाठी त्यांना ४० वर्षांनी, २००९ मध्ये, नोबेल मिळाले. १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने ती चकती वापरून कॅमेरा जोडला. वजन सुमारे ३.६ किलो. चित्रात १०० बाय १०० ठिपके, म्हणजे एका मेगापिक्सेलचा शंभरावा हिस्सा. एक फोटो टेपच्या कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. फिल्म विकून जगणाऱ्या कंपनीत फिल्मचा शेवट जन्माला आला होता. कंपनीने तो फार पुढे रेटला नाही. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

१९९९ चा निकॉन डी वन हा वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांचा कॅमेरा ठरला. पण तुमच्या-आमच्यासारख्या नवशिक्यासाठी खरे दार उघडले २००३ मध्ये. कॅननचा ईओएस ३०० डी हा ६.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा हजार डॉलरच्या आत आला. पुढच्या वर्षी निकॉनचा डी ७० आला. मग दरवर्षी नवे आकडे येत राहिले. लग्नात, सहलीत, गडावर जिकडेतिकडे तरुणांच्या गळ्यात डीएसएलआर दिसू लागले. 'पहिला डीएसएलआर कोणता घेऊ?' हा प्रश्न तेव्हापासूनचा.

त्या प्रश्नाला आज एक शेपूट जोडले गेले आहे. २००८ मध्ये पॅनासॉनिकने भिंग बदलता येणारा, पण आरसा काढून टाकलेला कॅमेरा आणला. सेन्सरवर पडणारे चित्रच थेट छोट्या पडद्यावर दिसते, मग आरसा हवा कशाला? आवाज नाही, डोळ्यापुढे येणारा अंधारही जवळजवळ नाही. २०२० मध्ये जपानी कंपन्यांचे असे मिररलेस कॅमेरे डीएसएलआरपेक्षा जास्त संख्येने बाहेर पडले. मोठ्या कंपन्यांचे लक्ष आता तिकडे आहे आणि डीएसएलआरचे नवे नमुने जवळजवळ थांबले आहेत. सटनच्या आरशाचा दीडशे वर्षांचा फेरा पुरा होत आला आहे.

''म्हणजे मामू, मी मावळता कॅमेरा घेऊ?'' भाचीने विचारले. प्रश्न रास्त होता. मी म्हटले, ''हातात जास्त पैसे असतील तर मिररलेसच घे. ३५ हजारांत मात्र जुन्या बाजारात चांगला डीएसएलआर आणि वर एक चांगलं भिंग मिळेल. लोक मिररलेसकडे गेले, म्हणून तर हे स्वस्त झालेत.'' शिवाय शिकणाऱ्याला त्यातली भिंगाची झडप, प्रकाशाचा वेळ आणि सेन्सरची संवेदनक्षमता ही तिन्ही हातांनी फिरवून कळतात. बॅटरी जास्त टिकते, कारण आरशातून पाहायला वीज लागत नाही. लांबलेल्या लग्नात ही मोठी गोष्ट.

मग आम्ही दोघांनी इतिहासाच्याच आधाराने यादी केली. पहिले म्हणजे मेगापिक्सेलच्या मागे धावायचे नाही. सहा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांवर लोकांनी संसार केले. आता जुन्यात जुना घेतला तरी अल्बमला पुरून उरेल इतके ठिपके मिळतात. दुसरे, कॅमेरा म्हणजे भिंगाचे घर. निकॉनची भिंग बसवायची खाच १९५९ पासून तीच आहे, कॅननने १९८७ मध्ये नवी आणली. कॅमेरा घेताना आपण त्या घराण्याची सोयरीक करतो. पुढची सगळी भिंगे त्याच घरची येणार. त्यातही खाचखळगे आहेत. निकॉनने २००६ च्या डी ४० पासून नवशिक्यांच्या कॅमेऱ्यांतून भिंग फिरवणारी मोटार काढली. त्यामुळे कुणी काकांचे जुने भिंग फुकट दिले तर ते बसेल, पण आपोआप नेम धरणार नाही. हे आधी पाहावे.

तिसरे, स्वस्त डीएसएलआरचा सेन्सर लायकाच्या चौकटीपेक्षा लहान असतो. त्यावर ५० मिलिमीटरचे भिंग ७५ ते ८० मिलिमीटरसारखे वागते. चेहऱ्यासाठी ते उत्तम, पण लहान खोलीत मागे सरकायला भिंत आडवी येते. म्हणून सोबत मिळणारे १८-५५ चे साधे भिंग टाकून देऊ नये. १८ मिलिमीटरला खोली मावते. मात्र रात्रीच्या पिवळ्या दिव्यात ते भिंग कमी पडते. तिथे एफ १.८ चे, मोठ्या तोंडाचे ५० मिलिमीटरचे भिंग हवे. ते नवे घेतले तरी फार महाग नसते. मोबाइल आणि कॅमेऱ्यातला फरकही इथेच आहे. कमी उजेडात मोठा सेन्सर आणि मोठे भिंग जास्त प्रकाश पितात.

चौथे, जुना कॅमेरा घेताना त्याची झडप किती वेळा उघडली ते विचारावे. साध्या कॅमेऱ्याची झडप साधारण लाखभर फोटोंच्या हिशेबाने बनवलेली असते. भिंग उजेडाकडे धरून आत बुरशीचे जाळे आहे का ते पाहावे. कोकणातून आलेल्या भिंगाला दमट हवेने ते हमखास धरते. आणि शेवटी कॅमेरा हातात धरून पाहावा. मेंदीचा कोन जसा ज्याच्या त्याच्या बोटांना बसावा लागतो, तसे हे आहे. हा मुद्दा भाचीला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

एक गोष्ट मी तिला आणखी सांगितली, दादासाहेब फाळक्यांची. १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा सिनेमाचा कॅमेरा घेऊन आले. पैसे हवे होते, पण भांडवलवाल्यांचा विश्वास नव्हता. तेव्हा त्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर रोवून महिनाभराहून अधिक काळ थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेतले. पडद्यावर वाटाण्याचा अंकुर डोळ्यांदेखत वाढताना पाहून पैसेवाल्यांचे हात खिशाकडे गेले. पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' आला. नव्या कॅमेऱ्याने लगेच लग्न घ्यायचे नाही. आधी घरातली कुंडी, घरातली माणसे.

बहिणीला हे सारे पटत नव्हते. तिचे म्हणणे, एवढे पैसे एका यंत्रात घालण्यापेक्षा सोन्यात घालावेत. आणि बायकांचे फोटो म्हणजे विश्वासाचा मामला. उद्या कुणाच्या मुलीचा फोटो भलत्या मोबाइलवर फिरला तर? या शंकेला इतिहासात उत्तर नव्हते. उत्तर भाचीने दिले. ''अम्मी, मी फोटो माझ्याकडे ठेवणारच नाही. लग्न झालं की कार्ड नवरीच्या हातात द्यायचं. कॉपी करायची तर तिच्यासमोर, तिच्या घरी. आणि आत असताना मोबाइल माझ्याकडेही नको, कुणाकडेच नको.'' दीनदयाळांच्या स्टुडिओला दाराआडची खोली लागली. या मुलीने तो पडदा आपल्या शब्दाने उभा केला. बहीण काही बोलली नाही. आमच्या घरात काही न बोलणे म्हणजे परवानगी.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेलो. दोन तासांनी एक वापरलेला डीएसएलआर, १८-५५ आणि ५० मिलिमीटरची दोन भिंगे आणि दोन मेमरी कार्डे घेऊन बाहेर पडलो. पैसे भाचीने स्वतः मोजून दिले. मी फक्त भिंगे उजेडाकडे धरून पाहिली.

घरी येऊन तिने ५० मिलिमीटरचे भिंग लावले आणि आईला म्हणाली, ''बस खिडकीशी.'' बहीण सवयीने पदर पुढे ओढू लागली. मग थांबली. पदर नीट केला आणि सरळ पाहिले. आरसा उचलल्याचा आवाज झाला. मला उगीचच धडकी भरली. मी पटकन म्हटले, ''उमटला का बघ आधी.'' भाचीने पडदा आमच्याकडे वळवला. फोटो होता. खिडकीचा उजेड गालावर, केसांत चांदी, कपाळावरच्या तीन आठ्या.

बहिणीने कॅमेरा हातात घेऊन बराच वेळ पाहिले. मग माझ्याकडे न बघताच विचारले, ''भाईजान, अम्मी अशीच दिसायची ना?''

मी म्हटले, ''हो. अशीच.''

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)